राजाचा हात, धूमकेतू आणि पुराव्याचा प्रश्न

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पत्रिकेवर जरा भारदस्त छापला गेला आहे : ‘विज्ञानदृष्टी, प्रबोधन आणि निरंकुश राजसत्ता’. शाळेत हा धडा आपण सगळ्यांनी वाचला आहे. व्हॉल्तेअर, रूसो, माँतेस्क्य ही तीन नावं पाठ करायची, पुढे ‘१७८९ फ्रेंच राज्यक्रांती’ लिहायचं आणि पाच गुण घ्यायचे. पण त्या धड्यात एक प्रश्न राहून जातो. दुर्बिणीतून आकाश पाहणाऱ्या माणसांचा आणि सिंहासनावरच्या राजाचा संबंध काय? गुरूचे उपग्रह दिसले म्हणून राजाची खुर्ची का हलावी? आणि दुसरा, आपल्या घरचा प्रश्न : हा विचार मराठी मुलखात आला तेव्हा त्याला इथे कोणता राजा भेटला?

या दोन प्रश्नांवरच मी आज बोलणार आहे.

हात लावून बरा करणारा राजा

सुरुवात एका रोगापासून करू. गंडमाळ. मानेला गाठी येतात, त्या फुटतात, वाहतात. क्षयाचाच एक प्रकार. इंग्लंडमध्ये या रोगाला ‘राजाची व्याधी’ म्हणत. का? तर राजाने हात लावला की ती बरी होते, अशी समजूत होती. इंग्लंडचा राजा हात लावायचा, फ्रान्सचा राजाही लावायचा. शेकडो वर्षं हे चाललं. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर आला आणि १६८५ मध्ये वारला. या पंचवीस वर्षांत त्याने नव्वद हजारांहून जास्त रोग्यांना हात लावला. याच्या नोंदी ठेवल्या जात. रोग्याच्या गळ्यात सोन्याचं नाणं बांधत.

आता तुम्ही म्हणाल, ही भाबड्या लोकांची गोष्ट झाली. तसं नाही. हा राज्यशास्त्राचा भाग होता. राजाला देवाने नेमलं आहे, म्हणून तो फक्त देवाला जबाबदार आहे, प्रजेला नाही. हा झाला सिद्धांत. आणि त्या सिद्धांताचा पुरावा काय? तर राजाच्या हातात देवाची शक्ती आहे, बघा, गाठ बरी झाली! म्हणजे निरंकुश राजसत्तेलासुद्धा पुरावा लागत होता. फक्त तो पुरावा कोणी तपासत नव्हतं.

गंमत पुढेच आहे. याच दुसऱ्या चार्ल्सने १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला सनद दिली. या शास्त्रज्ञांच्या मंडळाने आपलं जे ब्रीद ठरवलं, त्याचा अर्थ असा की कोणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबू नका. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचं तर शब्दप्रामाण्य नको. एका हाताने राजा गंडमाळ बरी करतोय आणि दुसऱ्या हाताने कोणाच्याही शब्दावर विसंबू नका म्हणणाऱ्यांना सनद देतोय! त्याला वाटलं असेल, ही माणसं हवेचा दाब मोजतील, घड्याळं सुधारतील, नौदलाला उपयोगी पडतील. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनेही १६६६ मध्ये विज्ञान अकादमी काढली. विज्ञान हवं होतं दोघांनाही, पण ते दरबाराच्या कुंपणात राहणारं. पुरावा मागण्याची सवय मात्र कुंपणात राहत नाही.

१६८० सालचा धूमकेतू

१६८० हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं. सभासद बखर उघडली तर तिथे महाराजांच्या अंतकाळी धूमकेतू उगवला, भूकंप झाला असं वर्णन येतं. मोठा राजा गेला की आकाशाने साक्ष द्यायची, ही तेव्हाची लिहिण्याची रीत होती. युरोपातही हीच समजूत होती : शेंडीवाला तारा दिसला की कोणा राजाचं काही खरं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपच्या आकाशात एक प्रचंड धूमकेतू दिसला. लोक घाबरले. पियेर बेल नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने त्यावर १६८२ मध्ये पुस्तक छापलं. त्याचा मुद्दा साधा होता. धूमकेतू अशुभ असतो हे हजारो लोक शेकडो वर्षं मानत आले, एवढ्याने ते खरं ठरत नाही. शंभर जणांनी एकाचंच ऐकून तेच सांगितलं, तर तो शंभर जणांचा पुरावा होत नाही. तो एकाचाच राहतो. इकडे न्यूटनने याच धूमकेतूची निरीक्षणं घेऊन त्याची कक्षा मांडली आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त दाखवून दिलं की जो नियम ग्रहांना लागू आहे तोच यालाही लागू आहे. मग हॅलीने दुसऱ्या एका धूमकेतूबद्दल सांगितलं की हा १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅली १७४२ मध्ये वारला. धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरात दिसला. आकाशातल्या दूताचं वेळापत्रकच हाती आलं. आता तो कोणाच्या मरणाची खबर द्यायला येत नव्हता.

आणि बघा, १६८० मध्येच लंडनला आणखी एक पुस्तक छापलं गेलं. लेखक रॉबर्ट फिल्मर, तो तेव्हा हयात नव्हता. त्याचं म्हणणं असं : देवाने आदमला सर्व मानवांवर अधिकार दिला, तो बापाचा अधिकार आहे, आणि तोच वारशाने राजांकडे आला. जॉन लॉकने याचं उत्तर लिहिलं. ते १६८९ मध्ये बाहेर आलं. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. तो फिल्मरला शिव्या देत नाही, कागदपत्रं मागतो. आदमला असा अधिकार दिल्याचं नेमकं कुठे लिहिलं आहे? दिला असला तर तो थोरल्याकडेच गेला हे कशावरून? गेला असला तर आज आदमचा थोरला वंशज कोण, हे कोण सांगणार? सातबाऱ्याचा वाद चालवावा तसा लॉक राजाचा वाद चालवतो. मालकी सांगतोस ना, मग फेरफार दाखव!

त्याआधीच, १६८८ मध्ये, इंग्लंडचा दुसरा जेम्स पळून गेला होता आणि पार्लमेंटने तिसऱ्या विल्यमला गादीवर बसवलं होतं. अटी घालून बसवलं. या विल्यमने गंडमाळीला हात लावणं बंद केलं. त्याला तो खुळचटपणा वाटे. पार्लमेंटने नेमलेल्या राजाला चमत्काराची गरज उरली नव्हती. त्याच्यामागून राणी अॅनने ती चाल पुन्हा सुरू केली, पण १७१४ मध्ये ती वारली आणि इंग्लंडात ती चाल कायमची संपली.

पॅरिसमध्ये काय घडलं

फ्रान्सने वेगळी वाट धरली. चौदाव्या लुईचं बोधचिन्ह सूर्य. व्हॉल्तेअर १७२६ मध्ये इंग्लंडला गेला, सुमारे तीन वर्षं राहिला, आणि परत येऊन त्याने न्यूटन, लॉक, देवीची लस टोचणं, पार्लमेंट या सगळ्यांबद्दल एकाच पुस्तकात लिहिलं. शास्त्र आणि राज्यव्यवस्था शेजारी शेजारी ठेवली, हाच गुन्हा. सरकारने ते पुस्तक जाहीरपणे जाळलं. याच व्हॉल्तेअरने गंडमाळीबद्दलही खवचटपणे लिहून ठेवलं आहे की चौदाव्या लुईची एक प्रेयसी याच रोगाने गेली, आणि राजाचा हात तर तिला पुष्कळच लागला होता.

मग दिदरो. १७५१ पासून त्याचा विश्वकोश निघू लागला. मजकुराचे सतरा खंड, चित्रांचे अकरा. त्यात धर्मशास्त्र आहे तसंच टाचणी कशी बनवतात, मोजे कसे विणतात, काच कशी ओततात हेही आहे. सुताराच्या हत्याराला राजदंडाच्या शेजारी जागा मिळाली. पहिल्याच खंडात ‘राजकीय अधिकार’ ही नोंद आहे. तिचा आशय असा की निसर्गाने कोणालाही दुसऱ्यावर हुकूम चालवण्याचा हक्क दिलेला नाही. १७५९ मध्ये राजाने या कोशाचा परवाना काढून घेतला. छपाई गुपचूप चालू राहिली.

१७७५ मध्ये सोळाव्या लुईचा राज्याभिषेक झाला. त्यानेही सुमारे चोवीसशे रोग्यांना हात लावला. पण मंत्र बदलला होता. पूर्वी म्हणत, ‘राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरा करतो.’ आता म्हणत, ‘देव तुला बरा करो.’ खात्री होती तिथे नुसती प्रार्थना उरली. क्रियापदाच्या एका रूपात अख्खं शतक बसलं आहे. पुढे चौदा वर्षांनी काय झालं ते तुम्ही जाणताच.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, विज्ञानामुळे राजसत्ता पडली असं सरळ सूत्र नाही. फ्रान्सची तिजोरी रिकामी होती, पाव महाग होता, सरदार कर भरत नव्हते. विचारांनी भूक निर्माण केली नाही. ही भूक देवाच्या इच्छेने आलेली नाही, हे विचारांनी सांगितलं. शिवाय हॉब्ससारखा माणूस भूमितीच्या पद्धतीने तर्क करून उलट निरंकुश सत्तेचंच समर्थन करून गेला होता. दोन, क्रांतीने राजाला हटवलं, पण पुरावा मागायची सवय क्रांतीनेही सोडली. १७९४ च्या मे महिन्यात आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लाव्हाझिएचं डोकं गिलोटिनखाली गेलं. जनतेच्या नावाने चालणारी सत्तासुद्धा प्रश्नाला घाबरू लागली की राजासारखीच वागते.

भास्कराचार्यांचा प्रश्न कुठे अडला?

आता घरी येऊ. आपल्याकडे प्रश्न विचारणारे नव्हते का? होते. मनमाडहून रेल्वेने पुढे गेलात की चाळीसगाव लागतं. तिथून जवळ पाटण, पाटणादेवीचं ठिकाण. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला देणगी मिळाली, असं त्यात नोंदलेलं आहे. हे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं. या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात गोलाध्यायात विचारलं होतं : पृथ्वीला कोणीतरी आधार दिला आहे म्हणता, मग त्या आधाराला आधार कोणाचा? आणि त्याला कोणाचा? शेवटी एक जण स्वतःच्या बळावर उभा आहे असं मानणारच असाल, तर ती शक्ती पृथ्वीचीच का मानत नाही?

मित्रांनो, हा लॉकच्या तोडीचा प्रश्न आहे. राजाला आधार देवाचा, मग त्या दाव्याला आधार कोणाचा? पण इथे हा प्रश्न आकाशातून खाली उतरला नाही. ज्ञान संस्कृतात होतं, पोथीत होतं, ठरावीक घरांत होतं. गॅलिलिओने १६३२ चं आपलं पुस्तक लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिलं, बाजारातल्या माणसाला कळेल असं. पुढच्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला. प्रश्न लोकांच्या भाषेत आला आणि छापला गेला की सत्तेला तो टोचतो.

आपल्याकडे हे १८१८ नंतर, पेशवाई गेल्यावर घडू लागलं. भोपाळजवळच्या सीहोरला सुबाजी बापू नावाच्या मराठी पंडिताने १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक काढलं. पुराणातली सपाट पृथ्वी, भास्कराचार्यांची गोल पृथ्वी आणि कोपर्निकसची फिरणारी पृथ्वी, तिन्ही त्याने समोरासमोर मांडल्या. वाचा आणि ठरवा! मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं होतंच. १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल, खगोल, पदार्थविज्ञान मराठीत आणलं. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ काढलं आणि १८५३ मध्ये दुसरं पत्र काढलं, त्याचं नाव ठेवलं ‘धूमकेतू’. ज्या ताऱ्याला बखरकार घाबरत होते, त्याचंच नाव वर्तमानपत्राला!

याच ‘प्रभाकर’मध्ये मार्च १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रं येऊ लागली. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा लुई फिलिप गादी सोडून गेला होता. इकडे पंचवीस वर्षांचा गोपाळ हरी देशमुख लिहीत होता की पाठांतर म्हणजे विद्या नव्हे, आणि इंग्लंडसारखं पार्लमेंट आपल्याकडेही असावं. हे लक्षात घ्या : ज्या इंग्रजांनी लॉक वाचायला दिला, त्यांचं इथलं राज्य कोणी निवडून दिलेलं नव्हतं. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून कंपनीच्या लुटीचा हिशेब मागितला होता. शिकवलेला धडा विद्यार्थ्यांनी मास्तरांवरच उलटवला.

इथला निरंकुश राजा कोण?

पण खरा प्रश्न पुढेच आहे. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं ‘मानवाचे हक्क’ वाचलं. पेनचा एक युक्तिवाद फार गमतीदार आहे. वंशपरंपरेने राज्यकर्ता होता येतं म्हणता, मग वंशपरंपरेने गणिती का होत नाही, वंशपरंपरेने कवी का होत नाही? पेनच्या समोर राजा आणि सरदार होते. हेच वाक्य पुण्यात वाचल्यावर कोण आठवेल? इथे वंशपरंपरेने पंडित होते, आणि वंशपरंपरेने अस्पृश्यही. मला वाटतं, फुल्यांची थोरवी इथे आहे. त्यांनी युरोपातला प्रश्न जसाच्या तसा उचलला नाही, त्याचा पत्ता बदलला. आपल्याकडची निरंकुश सत्ता सिंहासनावर कमी आणि जन्मात जास्त होती.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर कोल्हापूरकडे बघा. १८९९ साली पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला. राजा गादीवर, फौज, खजिना हाताशी. तरी पुरोहित सांगतो, तुमचा जन्म शूद्राचा. युरोपचा राजा जन्माच्या जोरावर सर्वांच्या वर होता, इथे जन्म राजाच्याही वर होता!

म्हणून फुले १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात ग्रहांची भीती घालून कुणबी जोडप्याला नाडणारा जोशी दाखवतात. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दशावतारांची एकेक कथा घेऊन धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. ती लॉकचीच रीत : दावा करतोस तर दाखला दे. आणि भाषा कोणती? शेतकऱ्याच्या ओट्यावरची.

व्हर्साय, महाड, नाशिक

आता आपल्या गावाकडे. काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी पेशवाईत बांधलं, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. म्हणजे युरोपात जन्माचे हक्क रद्द होत होते, त्याच सुमारास पंचवटीत त्या काळ्या दगडाच्या भिंती उभ्या राहत होत्या, आणि आत कोण जाणार हे जन्म ठरवत होता.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केलं, त्यात त्यांनी त्या सभेची तुलना कशाशी केली माहीत आहे? १७८९ सालच्या व्हर्सायच्या सभेशी. कोकणातल्या तळ्याकाठी मांडव, समोर पाणी पिण्याचा हक्क नाकारलेली माणसं, आणि वक्ता त्यांना सांगतोय की तुमच्या या सभेला जोड शोधायची तर फ्रान्सच्या इतिहासात जावं लागेल. हा आब आणण्यासाठी दिलेला दाखला नव्हता. व्हर्सायच्या सभेने जन्माचे विशेष हक्क मोडले आणि समाजाची नवी घडी बसवली. आपल्यालाही नुसतं पाणी नको, समाजाची घडी बदलायची आहे, हा त्याचा अर्थ. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली.

आणि २ मार्च १९३० ला नाशिक. दांडीयात्रा निघण्याच्या दहा दिवस आधी दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही काळारामाच्या दरवाजांपुढे उभे राहिले. दरवाजे बंद. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा काही वर्षं चालला, दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. जन्मावर आपला ताबा नसतो, पण जन्माने दिलेला शिक्का आयुष्यभर वागवायचा की नाही, हे माणूस ठरवू शकतो. निरंकुश सत्तेला दिलेलं हे उत्तर आपल्या जिल्ह्यातून गेलं आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं परदेशातून उसनं आणलेलं. १९५४ मध्ये आकाशवाणीवर बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहे. पुरावा मागण्याची रीत कोणा एका देशाच्या मालकीची नाही. भास्कराचार्यांचा प्रश्न आपण आत्ताच ऐकला. कमी होती ती तो प्रश्न सर्वांच्या हाती देण्याची.

शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो. आज राजे नाहीत. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. १९७६ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून संविधानात लिहिलं गेलं. तरी हात लावून बरं करणारे आजही गावोगाव आहेत, आणि त्यांना पुरावा मागणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. राजाचा हात गेला, पण हाताखाली मान झुकवण्याची सवय गेली का? तो हात कधी बुवाचा असतो, कधी जातपंचायतीचा, कधी आपल्याच आवडत्या पुढाऱ्याचा. नावडत्याला पुरावा मागणं सोपं असतं. आपल्या लाडक्या माणसाला, आपल्या जातीला, आपल्या घरातल्या रीतीला आपण तो मागतो का, हे प्रत्येकाने घरी जाऊन बघावं.